साडूचे होमरन

माझ्या साडूइतका लाडका माणूस सबंध पश्चिम लंडनमध्ये दुसरा नसेल, आणि नेमका याच कारणासाठी मला तो बघवत नाही. ईलिंगला राहतो, भूलतज्ज्ञ आहे. धंदा लोकांना झोपवण्याचा, पण बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की घरात कुणाला निवांत बसू देत नाही. कुठला संघ जिंकला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. यंदा सगळ्यात जास्त होमरन कुणाचे, एवढंच. चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावणारे ते अमेरिकन पैलवान 'आपला दाढीवाला', 'आपला डावखुरा' अशा नावांनी त्याच्या घरात नांदतात. भूल देताना इतर डॉक्टर पेशंटला उलटे आकडे मोजायला लावतात. हा होमरनवाल्यांची क्रमवारी खालून वर ऐकवतो. "पहिल्या नंबरापर्यंत अजून एकही पेशंट जागा राहिलेला नाही," हे वर अभिमानानं सांगतो. शुद्धीवर आल्यावर पेशंट म्हणे आधी विचारतात, पहिला कोण? मला माझ्या ऑफिसात कुणी काहीच विचारत नाही.

पण माझ्या मत्सराचं खरं कारण आमचे सासरे. उन्हाळ्यात ते नागपूरहून येतात आणि थोरला जावई म्हणून त्यांच्यावर पहिला हक्क माझा. वेम्बलीच्या माझ्या घरून आम्ही दोघं थालीपीठं बांधून घेऊन कौंटी क्रिकेट बघायला जायचो आणि दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचो. मला तेवढं सुख पुरे होतं. गेल्या वर्षी ते थोडे दिवस साडूकडे राहायला गेले आणि घात झाला. साडू अमेरिकेतले सामने सकाळी पोह्यांबरोबर बघतो. चेंडू उंच उडाला तसा तो ओरडला, "गेला! गेला! गेला!" सासरे तोंडाला साबणाचा फेस तसाच ठेवून बाहेर धावले. "अरे बाप्पा! कोण गेला?" साडूनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि कोण, कुठं गेला ते दाखवलं. मी क्रिकेटची तिकिटं घेऊन न्यायला पोचलो, तेव्हाही त्यांची अर्धी दाढी तशीच होती. म्हणाले, "जावईबापू, आज राहू द्या. आपला दाढीवाला आज पहिला येतो बघा." तो 'आपला' मला फार लागला. साडू वर माझी समजूत घालतो, "साडूभाऊ, डोंट माइंड हां! तुमच्यात सिक्स मारला की बॅट्समन तिथंच उभा. आमच्यात चेंडू बाहेर गेला तरी मैदानाला सगळा वळसा घालून घरी, म्हणजे जिथून मारला तिथंच परत, यावं लागतं. तेव्हाच रन."

परत जाताना हीथ्रोवर सासऱ्यांनी आधी त्यालाच जवळ घेतलं. मी ट्रॉली धरून माझ्या पाळीची वाट बघत उभा. मग त्यांनी आम्हा दोघांचे हात धरले. "दोघांनीही चेंडू पार समुद्रापल्याड मारला. छान केलं. पण घरी पाय टेकल्याशिवाय रन धरत नाहीत ना?" साडूनं बुटांकडे बघत मोकळ्या हातानं माझ्याबरोबर ट्रॉली धरली. त्या एका क्षणी तो मला मनापासून आवडला.

हल्ली मीही सकाळी होमरनची क्रमवारी बघतो आणि नागपूरला फोन लावतो. साडूनं बहुतेक आधीच सांगितलेलं असतं. तरी सासरे मला बरं वाटावं म्हणून पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "काय सांगता!" म्हणतात. मग विचारतात, "घरी कधी येता?" हे ते त्यालाही विचारत असणार. तो काय उत्तर देतो, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.