माझ्या वाट्याचे आभार

झाडं बोलत नाहीत, एवढ्या एका हिशेबावर मी सावंतवाडीतल्या हौशी बागकाम मंडळाची सभासद झाले. माणसं बोलतात हे लक्षातच आलं नाही.

मंडळात कामं वाटायची एक रीत होती. आमच्या अध्यक्षा, ज्यांना सगळे काकी म्हणत, एकेका कामाचं नाव घेत आणि चेहरे बघत. नको असेल त्याने लगेच सबब सांगायची. गप्प राहील त्याचं काम. ही रीत मला उमजेपर्यंत कुंड्या उचलणं, पताका लावणं आणि कपबशा विसळणं माझ्याकडे आलं होतं. माझ्या इंग्रजी शाळेत हात वर केल्याशिवाय बोलायची बंदी होती, आणि हात वर करायचं धाडस मला कधीच झालं नव्हतं.

वार्षिक प्रदर्शनाच्या बैठकीत काकी म्हणाल्या, "आता आभारप्रदर्शन."

शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी तत्काळ म्हणाले, "माका जमाचा नाय हां. सांजचो टीव्हीर पिच्चर आसा."

सबब माझ्याकडेही होती, पण ती मनातल्या मनात इंग्रजीतून मराठीत आणेपर्यंत उशीर झाला.

"आभार ह्या चेडवाकडे," काकी म्हणाल्या. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"ता बोलता खंय?" मला कधी बोलताना न ऐकलेल्या गुरुजींनी विचारलं.

"थँक्यू म्हणाक तरी शाळेत शिकवल्यानी आसतला!"

आठवडाभर मी घरच्या क्रोटनच्या कुंडीसमोर सराव केला. क्रोटनने एकदाही जांभई दिली नाही, त्यामुळे मी जरा चढून गेले.

आभार झाल्याशिवाय चहा नाही, हाही मंडळाचा नियम. प्रदर्शनाच्या दिवशी मी उभी राहिले तेव्हा पाहुणे, सभासद आणि कांदाभजीचं ताट, सगळे माझी वाट बघत होते. मी हात जोडले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. हात मात्र जोडलेलेच राहिले.

"काकी, भजी थंड होतत," मागून गुरुजी म्हणाले.

काकी उठल्या. "चेडू गप्प आसा. आमच्याकडे गप्प म्हणजे हो. आभार मानून झाले. चला, च्या घेवया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भजीसाठी असणार.

पुढच्या वर्षी मी तयारीने गेले. काकींनी "आभार" म्हणताच ताडकन उठून ओरडले, "माका नको!"

काकींचा चेहरा उजळला.

"आवाज बरो आसा गो तुझो! मगे यंदा सगळ्या कार्यक्रमाचा निवेदन तुझ्याकडे."

मी इतकी चकित झाले, की गप्प राहिले.