ताऱ्याचं जुनं दुखणं

कामठीहून नागपूरला शेअर ऑटोने जाताना माझ्या मांडीवर एका सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे, चार फोटो होते. एक साध्या प्रकाशातला, एक इन्फ्रारेडमधला, एक रेडिओलहरींचा आणि एक एक्स-रेमधला. दुपारी कॉलेजात व्याख्यान होतं आणि सुरुवात कशी करावी तेच सुचत नव्हतं.

शेजारच्या बाईंनी न विचारताच एक्स-रेचा फोटो उचलला, उजेडाकडे धरला आणि एक डोळा बारीक केला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्या एक्स-रे काढायच्या, असं त्यांनीच सांगितलं.

"हे बाजूचं कडं काहून चमकून राहिलं, मॅडम?"

"स्फोटाचा धक्का तिथल्या वायूवर आदळतोय. फुटण्याच्या खूप आधी ताऱ्यानेच तो वायू बाहेर टाकला होता."

"म्हणजे आधीपासूनच बिमार होता तो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे माणूस पडल्यावर येते. पण फोटोत जुनं दुखणंही दिसते. ते त्याले कोणी विचारलेलंच नसते."

फोटो नीट जागेवर ठेवून, ओढणी सावरत त्या उतरून गेल्या. नाव विचारायचं राहिलंच.

दुपारी मी मुलांना स्फोटाबद्दल आधी काही सांगितलंच नाही. ते कडं दाखवलं आणि विचारलं, "फुटायच्या आधी याला काय होत असेल?" मागच्या बाकांवरूनसुद्धा हात वर आले.