लुगडं ते

शशीच्या तोंडी 'मी' नसायचंच. सदा 'आमी'. "आमी निघतो, बाई." "आमाला च्या नको." बोरी बुद्रुकला मी शेजारी राहायला गेले तेव्हा चेष्टेनं विचारलं होतं, "काय गं, कुठली जहागीर लागून गेली तुला?"

शशीनं शेवंतीची पाटी माझ्या ओट्यावर टेकवली. "जहागीर कसली? 'मी जाते' म्हनलं की बाई, 'मी जातो' म्हनलं की बाप्या. आमी दोन्ही न्हाई. 'आमी जातो' म्हनलं की कुनाच्या ध्यानात येत न्हाई."

जन्मभर शाळेत मराठी शिकवूनही ही पळवाट मला कधी सुचली नव्हती.

आणि हे सांगणारं माणूस कसं? अंगावर हिरवं नऊवारी लुगडं, अंबाड्यात आपल्याच मळ्यातली शेवंती, हातभर बांगड्या. मला काही उमजेना. "मग हा थाट कशाला?" म्हटलं.

"आवडतो म्हनून. तुमी गुळाचा च्या का पिता?"

मधली काही वर्षं शशीनं पुण्यात एका कंपनीत काढली होती. तिथले मैतर म्हणाले, बाई नाहीस तर केस काप, पँट घाल. तेही करून झालं. "आरशात बघावं तर कुनीतरी पावणंच उभं," शशी सांगायचं. गावी आल्यावर केस वाढले, लुगडं परत आलं. "तिकडं म्हनायचे, बाई न्हाईस तर साडी सोड. हितं म्हनत्यात, साडी नेसतीस तर बाईच हो. आमचं कापडाशी भांडान न्हाई, राव. तो सदरा, ती साडी, आन् ते लुगडं. बघा, लुगडं आमच्यातलंच हाये."

आईला, भागाबाईंना, हे शशीनंच सांगितलं होतं. भागाबाई तापट. "बाई न्हाईस ना? मग माझ्या लुगड्यांना हात लावायचा न्हाई," म्हणून त्यांनी ट्रंकेला कुलूप घातलं. पुढं मायलेकरांचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्या ट्रंकेत एक डाळिंबी लुगडं होतं, शशीचा त्याच्यावर लहानपणापासून जीव. "लुगडं बाजारात बी मिळंल. आयनं दिल्यालं न्हाई मिळत," असं म्हणत शशी हार ओवत राहायचं. मला फार वाईट वाटायचं.

मग भागाबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं, ओझरला; मलाही बोलावणं होतं. लग्नाच्या सकाळी भागाबाई डाळिंबी लुगडं घेऊन माझ्याकडं आल्या. "बाई, हे त्याला... तिला..." अडखळल्या. "शशीला द्या."

"मी नाही देणार. तुमचं तुम्ही द्या," मी म्हटलं.

चरफडतच माघारी गेल्या. शशीपुढं लुगडं ठेवून एवढंच म्हणाल्या, "नेस."

मांडवात एका पाहुण्यानं विचारलं, "ही थोरली लेक का?"

पंगतीत वाढता वाढता भागाबाई म्हणाल्या, "आमचं मानूस हाये ते." आणि शशीकडं वळून, लेकराला विचारावं तसं, "जेवलं का?"

शशी म्हणालं, "मी जेवलं, आय."

'मी जेवलं' असं आमच्याकडं कुणी बोलत नाही. वर्गात कुणी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. त्या दिवशी मात्र पदर डोळ्याला लावला.

भागाबाई आता नाहीत. मीही मंचरला मुलाकडं असते. फोन लावला की आधी विचारते, "जेवलं का?" शशीला असं विचारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

"मी जेवलं, बाई," शशी म्हणतं. "तुमी?"