एका चिठ्ठीवर चौघी

तुळिंजच्या आमच्या चाळीत किस्से कधी संपत नाहीत. एक सांगून होईस्तोवर दुसरा दारात उभा! परवा नळावर दोघी कुजबुजत होत्या, "रेखाला म्हणे हॉस्पिटलात..." मला बघून गप्प! माझ्यासारखीला हे पचतं का? शेजारच्या रेखाचं बीपी चढतं, हे तर अख्ख्या चाळीला ठाऊक.

*

रेखा वसईला एका टॉवरमध्ये घरकाम करते. तिथल्या मॅडमना सोसायटीची चालण्याची स्पर्धा जिंकायची होती. त्यांनी पावलं मोजणारं घड्याळ रेखाच्या मनगटाला बांधलं. झाडू, फरशी, बाजार... मॅडम पहिल्या!

रेखा म्हणाली, "वैनी, फिटनेस त्यांचा वाढला, पाय माझे सुजले!"

*

डॉक्टरकडे जायचं म्हणजे कामावर खाडा. म्हणून चाळीतल्या आम्ही चौघी डॉक्टरच्या एकाच चिठ्ठीवर बीपीच्या गोळ्या खायचो. चिठ्ठी रेखाची. मला जरा गरगरलं की, "रेखा, एक दे गं!" महिन्याच्या गोळ्या आठवड्यात खलास.

मी रेखाला विचारलं, "मग तू काय घेतेस?"

"अर्धी. तीपण उरली तर!"

त्यानंतर मी मागितली नाही. खरं सांगायचं तर, एकदाच मागितली.

*

डॉक्टर तिला म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, दुपारी झोपत जा." रेखा म्हणाली, "ते झोपायचं कागदावर लिहून द्या, मॅडमना दाखवते." त्यांनी दिलंसुद्धा!

मॅडमनी कागद वाचला. "अगं, मलाही हेच सांगितलंय! मी पडते, तू बेलकडे लक्ष ठेव."

*

तर त्या अर्धवट बातमीनं मला चैन पडेना. रेखाच्या नवऱ्याकडून हॉस्पिटलचं नाव तेवढं काढलं, सांडोर गावची केळी घेतली आणि हॉस्पिटल गाठलं. रेखा होती खरी तिथं, एसी रूममध्ये! पण भरती झाल्या होत्या मॅडम, चेकअपसाठी. ही सोबतीला. मॅडम सोफ्यावर फोनवर बोलत होत्या, रेखा चादर नीट करता करता खाटेच्या कडेला टेकली होती.

तेवढ्यात नवी सिस्टर आली. तिनं सरळ रेखाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघून तिचे डोळेच मोठे झाले. "अहो, हलू नका! डॉक्टरांना बोलावते!"

रेखा ओशाळली. "सिस्टर, पेशंट त्या आहेत."

सिस्टर थबकली. मग पट्टा सोडला, मॅडमच्या दंडाला बांधला.

"एकदम नॉर्मल, मॅडम!"

रेखानं देवाला हात जोडले.