सकाळपुरता सोडलेला खर्रा

आमच्या बाभुळगावकडे साक्षगंधात, म्हणजे लग्न पक्कं झाल्याच्या कार्यक्रमात, दोन्हीकडचे व्याही एकमेकांना पेढा भरवतात. भरवायचा तो अख्खा. तोडून भरवला तर बायका नावं ठेवतात. माझ्या मित्राच्या मुलीच्या साक्षगंधात मुलाच्या वडिलांनी पेढा उचलून मित्राच्या तोंडाशी नेला आणि तो पेढा आत गेलाच नाही. ओठ फाकले, पण दातांमध्ये बोट जाईल एवढीही जागा झाली नाही. पेढा दातांवर दाबला जाऊन चुरला आणि नव्या शर्टावर सांडला.

"उघडा ना इवाई तोंड! पोरगी देऊन राह्यले अन् लाजता काहून?" मुलाचे वडील म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. मित्रही हसला, होतं तेवढ्या फटीतून. मी त्याच्या घरचा माणूस म्हणून टोपी-दुपट्ट्याचं ताट धरून मागेच उभा होतो. मला हसू आलं नाही. खर्रा खाणाऱ्याचं तोंड असं आतून आवळत जातं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण माझ्या मित्रानं तर खर्रा सोडला होता. माझ्यासोबत सोडला होता. मी ते गावभर सांगितलं होतं.

तो आणि मी एकाच मोहल्ल्यात वाढलो. त्याचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, मी गावातल्याच शाळेत शिकवतो. खर्रा दोघंही कॉलेजपासून खात होतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचं आणि घोटणाऱ्यानं आधी समोरच्यापुढे धरायचं, मग स्वतः घ्यायचं, ही इथली रीत. पाणी विचारलं नाही तरी चालतं, खर्रा विचारावाच लागतो. आणि सकाळी खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही, यावर तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या सगळ्यांचं एकमत. मीही त्यातलाच. वर्गात आरोग्याचा धडा शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहायचो.

मग माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. दातांच्या डॉक्टरनं तो पाहिला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. त्या आवाजानं मी घाबरलो. तिथून सरळ मित्राच्या दुकानात गेलो. त्यानं सगळं ऐकलं आणि हातातली पन्नी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"चाल, दोघंही सोडू," तो म्हणाला. "एकट्यानं तुह्याच्यानं होणार नाही बे. दहावीतही माह्यं पाहून पास झाला तू."

सोडायचं ठरवणं सोपं होतं. कठीण होतं ते खर्ऱ्याच्या वेळांचं काय करायचं. उठल्या उठल्या एक, चहानंतर एक, जेवणानंतर एक. आमचा सगळा दिवस त्या पुड्यांवर टांगलेला होता. पुड्या काढल्या की दिवसच खाली पडायचा. म्हणून आम्ही नवा दिवस बांधला. उजाडायच्या आधी उठायचं, गरम पाणी प्यायचं, कालव्याच्या रस्त्यानं चालायला जायचं, रपट्यावर, म्हणजे कालव्यावरच्या बुटक्या पुलावर, बसायचं, उन्हं वर यायच्या आत घरी येऊन भाकरी खायची. जेवणानंतर तोंडाला चाळा म्हणून तो घरून भाजलेली सोप, म्हणजे बडीशेप, आणि तीळ डबीत आणायचा. त्याची बायको म्हणायची, "भाऊजी, तुमच्यापायी आमच्या घरात तूर कमी अन् सोप जास्त येऊन राह्यली."

सुरुवातीला पोट साफ व्हायचं नाही. डोकं दुखायचं, मी वर्गात पोरांवर ओरडायचो. पण शरीर वेळेला भुलतं, हे मला त्या दिवसांत समजलं. ठरल्या वेळी उठलं, ठरल्या वेळी चाललं, ठरल्या वेळी जेवलं की ते हळूहळू आपलं मागणं विसरतं. एकदा पाऊस लागून राहिला आणि आमचं चालणं बंद पडलं, तेव्हा जेवण झाल्यावर माझे पाय आपोआप पानठेल्याकडे वळले होते. अर्ध्या वाटेतून परत आलो. तेव्हापासून पावसातही छत्री घेऊन निघतो. निश्चय दुपारपर्यंत टिकत नाही, सकाळचं चालणं मात्र दिवसभर पुरतं, असं मी आजही मानतो.

माझा चट्टा फिका पडला, मग गेला. झोप लागायला लागली. आणि मला बोलायची हौस आली. जो भेटेल त्याला मी आमच्या दोघांची गोष्ट सांगू लागलो. पुढे शाळेतल्या एका कार्यक्रमात मित्रालाच मुलांसमोर उभं केलं. तो नाही म्हणत होता. "दुकानात गिऱ्हाईक आहे," म्हणाला. मी ऐकलं नाही, गाडीवर बसवून घेऊन आलो. तो माईकसमोर उभा राहिला, मुलांकडे न बघता म्हणाला, "मास्तरांनी सोडवला. तुम्ही धरूच नोका." टाळ्या झाल्या. मी सगळ्यात जास्त वाजवल्या.

हे सगळं साक्षगंधाच्या हॉलमध्ये, हातात ताट धरून उभा असताना, माझ्या डोळ्यांपुढून गेलं. गेलं वर्षभर तो भाजी पाण्यात बुडवून खात होता. वरची तिखट तर्री नको म्हणायचा. "आंबट ढेकर येते रे," सांगायचा. मी त्याला जिऱ्याचं पाणी प्यायला सांगायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. दोन शेतकरी फवारणीचं औषध घ्यायला आले होते. त्यातल्या एकानं खर्रा घोटला आणि रीतीप्रमाणे आधी मित्रापुढे धरला. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मग चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. लपवायचं काही उरलं नाही हे त्याला कळलं होतं. शेतकरी जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सोडला कधी होता?" तो म्हणाला. "पहिले काही दिवस. मंग सीझन लागला. गिऱ्हाईक पन्नी पुढं करते, त्याले नाही म्हनलं तर त्याले वाटते शेठ मोठा झाला. उठून समोरच्या दुकानात जाते."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय भेटलं असतं? भाषण."

"रोज सकाळी मले फसवून राह्यला होता तू."

"सकाळी नाही. तुह्यासंगं असलो का खातच नव्हतो. घरी येऊन भाकर खायेपर्यंत नाही. ते खरं होतं."

"अन् शाळेत? पोरांपुढं?"

त्यानं गल्ल्यावरची धूळ हातानं पुसली. "तिथं तूच नेलतं मले."

मला राग आला. दुकानाबाहेर येऊन मी गाडीला किल्ली लावली. तो मागून आला आणि हळूच म्हणाला, "तुले आठवते? रपट्यावर बसून तू म्हनला होता, तुह्यानं नाही झालं तर माह्यानंही होणार नाही. त्याच हप्त्यात मी परत सुरू केलता. सांगतलं असतं तर तू खाल्ला नसता का बे?"

मी गाडी सुरू केली. खाल्ला असता. मला ते तेव्हाही माहीत होतं आणि तेच जास्त लागलं. माझी झोप, माझा बरा झालेला गाल, मी ज्याच्या गोष्टी सांगत फिरलो तो माझा सगळा शहाणपणा त्याच्या खोटेपणावर उभा होता. त्यानं मला फसवलं आणि मी त्यामुळेच वाचलो. कुणावर रागवायचं ते कळेना, म्हणून मी त्याच्यावरच रागावलो, कारण ते सोपं होतं. बरेच दिवस मी चालायला एकटाच गेलो. त्याच्या गल्लीतून न जाता मागच्या रस्त्यानं.

एकटं चालताना मला माझं काही दिसू लागलं, ते लिहितो. पावणेदोन वर्षं मी त्याला रोज विचारत होतो, "नाही ना खाल्ला?" उत्तर प्रश्नातच देऊन टाकत होतो. त्याला "खाल्ला" म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि भरीस भर, त्याला टाळ्यांसमोर उभं करून परतीचा रस्ताही बंद केला. डोळ्यांसमोर त्याच्या जेवणातलं तिखट गेलं, बोलणं आखडलं, आणि मी शेजारून हात हलवत निरोगी सवयींवर बोलत चाललो होतो.

एके दिवशी त्याची बायको शाळेत आली. व्हरांड्यातच उभी राहिली. "भाऊजी, त्याहीच्या तोंडात आतून फोड आहे. पंधरवडा झाला, बसतच नाही. पोरीचं लग्न झाल्यावर दाखवीन म्हणतात. माह्यं ऐकत नाहीत. तुम्ही रुसून बसले तर मी कोणाले सांगू?"

मी गेलो. तो नाही म्हणाला. लग्नाच्या आधी काही निघालं तर मुलाकडचे काय म्हणतील, ही त्याची भीती. मी भाषण केलं नाही, एवढंच म्हटलं, "उद्या यवतमाळले मी जाऊन राह्यलो. गाडीवर मागची सीट रिकामी आहे." सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

यवतमाळच्या दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बॅटरीनं आत पाहायचा प्रयत्न केला, तोंड उघडायला सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग पट्टीनं अंतर मोजलं. "काका, खर्रा बंद करून किती दिवस झाले?"

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर शाळेच्या माईकसमोरचा तोच भाव होता. मला वाटलं, आता म्हणेल, झालं की वर्ष-दीड वर्ष. त्याला खरं बोलायला जागा व्हावी म्हणून मी उठून बाहेर जायला निघालो.

"बस," त्यानं माझ्या बाहीला धरलं. मग डॉक्टरला म्हणाला, "आज सकाळी खाल्ला, मॅडम. याच्या गाडीवर बसायच्या आधी."

फोडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघंही धड जेवलो नाही. कॅन्सर निघाला नाही. पण तोंड पहिल्यासारखं पूर्ण उघडणार नाही, व्यायाम केला तर थोडं सुटेल आणि खर्रा थांबला नाही तर पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, सोसेल तशी एखादी वाढवायची. रोज, न चुकता.

आता तो पुन्हा माझ्याबरोबर येतो. कालव्याच्या रस्त्यानं तोंडात काड्या धरून चालतो, त्यामुळे त्याला बोलता येत नाही आणि मी बोलत नाही. दुकानात पोरीच्या लग्नानंतर जावई बसू लागला आहे, पन्नी पुढे आली की मित्र आत गोदामात जातो. नेहमीच जातो असं नाही.

परवा रपट्यावर बसल्यावर त्यानं काड्या काढल्या, तोंड पुसलं. मी काही विचारलं नव्हतं.

"काल खाल्ला एक," तो म्हणाला.

फसवल्यासारखं वाटलं, जणू आत्ताच, पहिल्यांदा. खूप काही तोंडावर आलं होतं. पण एवढंच म्हटलं, "काड्या लाव. उन्हं चढून राह्यली."

त्यानं काड्या लावल्या. कालच्यापेक्षा एक कमीच बसली. आम्ही उठलो आणि घराकडे चालू लागलो.