रविवारचं दही

मी सातवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही, म्हणून सरळ लिहितो.

येरवड्याच्या आमच्या घरात वरची खोली एका जपानी पोरीला दिली होती. पुण्यात शिकायला आलेली. मी नकोच म्हणत होतो. परमुलखातलं माणूस, खाणार काय, बोलणार काय! बायको म्हणाली, "वर खोली रिकामी, खाली आपण दोघं रिकामे. येऊ दे की."

पोरगी दर रविवारी फिरायला जायची. स्वारगेटहून एसटी पकडायची. कधी भोर, कधी वाई, कधी एखादा गड. मराठी सगळं पुस्तकातलं. पहिल्या रविवारी म्हणाली, "आजोबा, मी पर्यटनासाठी प्रस्थान करत आहे."

"प्रस्थान पालखी करते. तू फिरायला जा."

बायको माझ्यावरच डाफरली. "शिकतेय ती. तुम्हाला येतं का जपानी?"

पोरगी निघाली की ही तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. आमच्यात परीक्षेला, नोकरीला, अशा मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला देतात. मी म्हणायचो, "गडावर चाललीय, मुलाखतीला नाही." ही म्हणायची, "एकटी चाललीय ना."

संध्याकाळी चहा ठेवून चौकशी. वर पाणी होतं का? चढण केवढी? वाटेत बायामाणसं होती का? हिचे गुडघे गेलेले, घराबाहेर पडायची ती दवाखान्यापुरती. त्या पोरीच्या पायांनी ही डोंगर चढायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

दिवाळीनंतर ही गेली. झोपेतच.

तेराव्यापर्यंत पोरगी कुठे फिरायला गेली नाही. मी म्हटलं, "तू कशाला बसलीस? तुला काही सुतक नाही."

"आजी मला नात म्हणत होत्या," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पाठीवर पिशवी लावून खाली आली, बूट घातले आणि सवयीने हात पुढे केला. मी पेपर घेऊन बसलेलो. हात तसाच. मग तिच्याच ध्यानात आलं. तळवा पँटला पुसला, जसं काही लागलंच होतं त्याला, आणि गेली. संध्याकाळी आली ती सरळ वर. मला वरून तिची पावलं तेवढी ऐकू येत होती. म्हटलं, ही पोरगीसुद्धा बोलायची बंद झाली तर या घरात माणसाचा आवाज म्हणून उरायचा नाही.

शेजारच्या वहिनींकडून वाटीत विरजण आणलं. घातलं कढत दुधात. सकाळी सगळं फाटलेलं.

"बोट बुडवून बघायचं असतं भाऊ, सोसेल इतपत कोमट," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं काय बघत होतात?"

टीव्ही बघत होतो.

त्यानंतरच्या रविवारी दही लागलं. सैल, जरा आंबट. साखर जास्त पडली. पोरीने उभ्याउभ्याच खाल्लं, हिने शिकवलं होतं तसा तळवा चाटला. "येते, आजोबा."

संध्याकाळी मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी दोन कप भरले. विचारलं, "वर पाणी होतं का?"

होतं म्हणाली. खडकात खोदलेलं टाकं, गार पाणी. मग बराच वेळ सांगत राहिली. पण सांगता सांगता तोंड वळायचं ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे, ही बसायची तिकडे. मीही तिकडेच बघत ऐकलं.

शिक्षण संपलं, ती तिच्या देशाला गेली. विमानाला निघाली तेव्हाही दही दिलं. फोन करते अधूनमधून. तिकडे ऊन आहे की पाऊस ते सांगते, मी इथलं सांगतो. मग दोघांकडचं संपतं.

शनिवारी विरजण अजून लावतो. हात थांबत नाही. रविवारी घरातून निघणारं कोणी नाही. दुपारी भाताबरोबर संपवतो. साखर घालत नाही.