झुलालच्या भरताला कोणी आलं नाही

झुलाल मूळचा पारोळ्याचा. धुळ्यात आमच्या घराच्या खालच्या हॉलमध्ये तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. चाळिशीला टेकलेला, एकटा, शर्ट कायम इस्त्रीचा. संध्याकाळी क्लास सुटला की तेच कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडून बंदुकांचा खेळ सुरू व्हायचा. जो तो आपापल्या पडद्यासमोर, पण शिरायचं सगळ्यांनी एकाच किल्ल्यात आणि टिपायचं एकमेकांना. कॉलेजची मुलं यायची, औषधांच्या दुकानातला जीवराम यायचा, एक वकीलसुद्धा यायचे. वर व्हरांड्यात मला ऐकू यायचं, "वकीलसाहेब, जिन्याखाली काय लपता? बाहेर या!" हॉल भरला की झुलालला आपलं घर भरल्यासारखं वाटे. दुसरं घर त्याला नव्हतंच.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मग रोज एकच वाद. समोर अभिमन. तोही पारोळ्याचा, लहानपणापासूनचा दोस्त. झुलाल त्याला भाऊच मानायचा.

"कापसाचे दिवस आहेत. पोरं गावाकडे गेलीत," झुलाल म्हणे.

"अन् वकील? तो बी कापूस येचाले गया का?"

"त्यांच्याकडे पाहुणे आहेत."

"तुले समजत नही, झुलाल. बठ्ठा चालना ग्यात, एक बी उरला नही. हा खेळ मरी गया. गिऱ्हाईक मी आणून देतो, मशिनी विकून टाक."

झुलाल वर बघून विचारी, "अक्का, तुम्हीच सांगा. कमी झालेत का?"

मी म्हणायचे, "मला वरून फक्त आवाज येतो. तो कमी झालाय."

शेवटी झुलालने ठरवलं. "रविवारी मागच्या अंगणात भरीत करतो. सगळ्यांना बोलावू. आले तर खेळ जिवंत आहे, तू गप्प बसायचं. कोणीच आलं नाही, तर मशिनी तुझ्या गिऱ्हाइकाला."

आमच्याकडे असल्या जेवणाचं आवतन दारात जाऊन तोंडीच द्यावं लागतं. यजमान चुलीपाशी गुंतलेला असला तर त्याचा भाऊ जातो. आणि आवतन नसताना कोणी फिरकत नाही, मग वास गल्लीभर सुटला तरी. झुलालला सख्खा भाऊ नव्हता. "मी जातो," अभिमन म्हणाला. झुलालने एकेकाचं नाव घेऊन त्याला सांगितलं.

रविवारी कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या आमच्या मोलकरणीने थापल्या. पत्रावळी मांडून झाल्या. झुलाल दर थोड्या वेळाने फाटकापर्यंत जाऊन यायचा. मी, तो आणि अभिमन, तिघंच जेवलो. खरं म्हणजे जेवला अभिमनच. "सांगून सांगून पाय दुखले रे," असं म्हणत त्याने दोनदा भरीत वाढून घेतलं.

त्याच आठवड्यात मशिनी टेम्पोत चढल्या.

संक्रांतीनंतर एका दुपारी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. गोळ्या पुडीत बांधता बांधता जीवराम म्हणाला, "अक्का, झुलालभाऊचं भरीत झकास झालं म्हणे. आम्हालाही बोलावलं असतं, तर आम्ही काय त्याच्या पत्रावळी खाल्ल्या असत्या?"

"तुम्हाला आवतन होतं की."

"कोणी दिलं? अभिमनभाऊ तर दिवाळीपासून सांगतोय, झुलालला तुमचा कंटाळा आलाय, त्याला आता फक्त क्लास चालवायचाय. म्हणून तर आम्ही नदीपलीकडे देवपुरात खेळायला जायला लागलो, अभिमनभाऊच्याच मेव्हण्याच्या हॉलवर. तिथे बसायला जागा नाही एवढी गर्दी."

झुलालने तुमचंही नाव घेऊन अभिमनला धाडलं होतं, एवढं मी जीवरामला सांगितलं आणि घरी येऊन सगळं झुलालच्या कानावर घातलं. त्याने चपला घातल्या. मग म्हणाला, "अक्का, तुम्ही बरोबर चला. एकटा गेलो तर हात उचलला जाईल."

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा देवपुरातला हॉल भरलेला होता. नव्याने मांडलेल्या मशिनी झुलालच्याच होत्या. दसऱ्याला त्याने लावलेलं कुंकू अजून तसंच होतं. वकीलसाहेब होते, जीवरामही दुकान बंद करून आला होता. अभिमनने खुर्ची पुढे सरकवली. "ये ना झुलाल, एक डाव टाक. तुन्याच मशिनी शेत या, परक्या नाहीत."

"माझ्या अंगणात जेवलास तू त्या दिवशी."

"मग काय, एवढं भरीत फेकून द्यायचं होतं?"

दोघं-तिघं हसले. झुलाल अभिमनकडे पाठ करून बाकीच्यांना म्हणाला, "आवतन धाडलं होतं मी. तुम्हा सगळ्यांना, एकेकाचं नाव घेऊन."

क्षणभर सगळे हात थांबले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, मला मारलं!" आणि सगळी तोंडं पुन्हा पडद्यांकडे वळली. "डाव चालू आहे झुलालभाऊ, नंतर बोलू," वकीलसाहेब म्हणाले.

आम्ही रिक्षात बसलो. पांझरा नदीचा पूल ओलांडला तसा झुलाल माझ्याकडे वळला.

"अभिमनचं जाऊ द्या, अक्का," तो मग म्हणाला. "त्याने धंदा केला. पण जीवरामला तर दुपारीच खरं काय ते कळलं होतं. त्यानेही मान वर केली नाही."